हिरड्यावरून उतरलेला पाहुणा

या सदराची मी जुनी वाचक आहे, पण लिहायला पहिल्यांदाच बसले आहे. खरं सांगते, इथले अनुभव मी हॉस्टेलच्या मुलींना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. लागीर, चकवा, झपाटणं... मला कधीच काही पटलं नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे असलं काही मानायचं नाही, हे मी जरा हट्टानेच ठरवलं होतं. आजही ‘मानते’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. जे झालं ते फक्त सांगते. लिहिण्यात कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

मी जुन्नरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं गाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरात. एस.टी. जिथे वळून माघारी फिरते तिथून पुढे चालत जावं लागतं. नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही गावावरचा तो ऑनलाइन लेख शोधाल, आणि मला ते नको आहे. पावसाळ्यात भात, नाचणी, वरई. उन्हाळा लागला की हिरडा. झाडाचा कोवळा हिरडा झोडायचा, वाळवायचा आणि विकायचा. पुरुष काठी घेऊन झाडावर चढतात, बायका खाली जुनी लुगडी अंथरून वेचतात. अण्णा – म्हणजे माझे वडील – गावात सगळ्यात उंच चढणारे.

आता तो लेख. माझी रूममेट प्रतीक्षा आंबेगाव तालुक्यातली, निरगुडसरची. तिला एक विचित्र नाद आहे. ऑनलाइन ज्ञानकोशात गावांवरचे लेख असतात ना, ते कुणीही लिहितं. त्यातली वेडगळ वाक्यं शोधायची आणि स्क्रीनशॉट काढून आमच्या ग्रुपवर टाकायची. ‘या गावाच्या तीन बाजूंना डोंगर असून चौथ्या बाजूसही डोंगर आहे, परंतु तो थोडा लांब आहे.’ ‘गावात पावसाळ्यात पाऊस पडतो व गावकरी त्याबद्दल समाधानी आहेत.’ एका गावाच्या लेखात प्रेक्षणीय स्थळांमध्ये मारुतीच्या देवळाखाली कुणीतरी ‘सागरची नवीन बुलेट’ असं घातलं होतं. मेसमध्ये जेवताना ती हे बातम्यांच्या आवाजात वाचायची, आणि आम्हाला ठसका लागायचा.

एकदा ती म्हणाली, “सुरे, तुझं गाव पण आहे गं इथं! ऐक.”

त्यात लिहिलं होतं – ‘येथील लोक हिरड्याच्या झाडावर चढण्यापूर्वी झाडाला आपले नाव सांगतात. नाव न सांगितल्यास झाड दुसराच माणूस खाली उतरवते. तरी पर्यटकांनी काळजी घ्यावी.’ पुढे बारीक अक्षरात, कंसात, ‘संदर्भ हवा’.

“पर्यटकांनी काळजी घ्यावी!” प्रतीक्षा टेबलावर हात आपटून हसत होती. मीही हसले. पण थोडं अडखळत... कारण आमच्याकडे चढायच्या आधी माणसं खोडाला हात लावून काहीतरी पुटपुटतात खरी. देवाचं नाव घेत असतील असं मी धरून चालले होते. कधी विचारलंच नव्हतं.

तो स्क्रीनशॉट फिरत फिरत गावच्या ग्रुपवरही पोचला.

इंटर्नल परीक्षा संपल्यावर मी घरी गेले, तेव्हा हिरड्याची झोडणी चालू होती. खाचरांच्या वरच्या बांधावर आमचा मोठा हिरडा आहे. त्या सकाळी आम्ही चौघंच होतो. अण्णा, आई, मी आणि लक्ष्मणकाका, अण्णांचे धाकटे भाऊ. अण्णा चढायला निघाले तेव्हा काकांनी मोबाईल काढून ते वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं.

मी विचारलं, “अण्णा, तुम्ही खरंच नाव सांगता झाडाला?”

“आमी आपलं पाया पडतो. आमच्या बापानं शिकवलं तसं म्हनतो,” अण्णा म्हणाले आणि डोळे मिचकावले. अण्णा म्हणजे लई चेष्टेखोर माणूस. लग्नात नवरदेवाचे बूट लपवायचं काम मुली नाही, अण्णाच करायचे. “आज कायच म्हनत नाय. बघू तरी कोन उतरतंय! उतरला चांगला गडी, तर वैनीला तुज्या तेवढाच आराम, काय लक्ष्या?”

“तोंडाला काय हाड?” आई म्हणाली. “पाया पडा अन् मग चढा.”

अण्णा हसले, खोडाला हात न जोडताच फांदीला धरून वर सरकले. काठीचा आवाज सुरू झाला. हिरडा गारेसारखा लुगड्यावर पडायला लागला. आम्ही वेचत होतो. मग काठी थांबली. अण्णा फांदी बदलत असतील असं वाटलं. पण वरून पानही हललं नाही.

“झोपला का रं अण्णा?” काकांनी हाक मारली.

थोड्या वेळाने पाय दिसले. अण्णा उतरत होते, पण कसे सांगू... चाचपडत. दर फांदीवर पाऊल ठेवून आधी दाबून बघत. त्या झाडावर अण्णा लहानपणापासून चढतात. डोळे मिटूनसुद्धा उतरले असते.

खाली आले, हात झटकले, आणि आम्हाला हात जोडले. “राम राम. कोनाचं रान म्हनायचं हे?”

काका तर लोळायचेच बाकी राहिले. “आला, आला! दुसरा गडी आला! या पावणं, बसा!”

मीपण हसले. आईने हसू दाबत पाण्याची कळशी पुढे केली. अण्णांनी ओंजळीने पाणी घेतलं आणि म्हणाले, “लई गोड पानी हाय, बाई. तुमी हितल्याच का?”

चेष्टा रंगली होती. घरी येईपर्यंत रंगली. पण घराशी आल्यावर अण्णा उंबऱ्याबाहेर थांबले. आत आलेच नाहीत. काका आत गेले, मी गेले, आणि अण्णा अंगणात उभे, कुणी या म्हणायची वाट बघत. आई म्हणाली, “या की आता. का आवतान द्यायचं?” तेव्हा ते पाय धुऊन आत आले आणि भिंतीशी, जिथे परके लोक बसतात तिथे, मांडी घालून बसले. त्यांची रोजची जागा चुलीजवळ आहे. तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.

जेवताना आईने भाकरी वाढली. दुसऱ्या घासाला अण्णा म्हणाले, “भाकर लई मऊ झाली, बाई. तुमच्या हाताला चव हाय.”

आईचा हात तिथेच थांबला. माझ्या आठवणीत अण्णांनी जेवणाला कधी नावं ठेवली नाहीत, पण चांगलंही कधी म्हटलं नाही. आई हळू आवाजात म्हणाली, “पुरं करा हो आता. पोरगी घाबरतीय.”

त्यांनी घास खाली ठेवला. चेहरा खरोखर ओशाळा झाला. “माजं काय चुकलं का?”

त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली. कारण चेष्टा करताना अण्णांच्या डाव्या गालात हसू लपतं. मी ते शोधत होते. तिथे काहीच नव्हतं. अण्णांचा चेहरा, अण्णांचा आवाज, आणि माझ्याकडे बघणारी नजर... एखाद्या अनोळखी मुलीला ‘कितवीत आहेस’ असं विचारताना असते, तशी.

दुसऱ्या दिवशी काका आणि मी त्यांना जुन्नरला दवाखान्यात घेऊन गेलो. ते आले, तक्रार न करता. एस.टी.त खिडकीतून सगळं नव्याने बघत होते. डॉक्टर सज्जन होते. डोक्याला मार नाही, बीपी ठीक, तपासण्या ठीक. म्हणाले, ऊन आणि पाणी कमी पडल्याने कधीकधी स्मृती काही काळ जाते. येईल परत. नाहीच आली तर पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे न्या. मी ते मनापासून मानलं. आजही अर्धं मानते. नाव विचारल्यावर मात्र अण्णा गप्प बसले. डॉक्टरांनी परत विचारलं. ते माझ्याकडे वळून अगदी अजिजीने म्हणाले, “मला कुनी विचारलंच नव्हतं ताई, म्हनून सांगितलं नाय.” पण सांगितलं नाहीच.

घरात तसेच दिवस जात राहिले. त्यांनी कुणाला त्रास दिला नाही. उलट पाणी भरलं, लाकडं फोडली, वाढलं तेवढं जेवले, रात्री पडवीत घोंगडी मागून झोपले. आईला ‘बाई’, मला ‘ताई’. हेच सहन होत नव्हतं. आई मागच्या दारी जाऊन तोंडात पदर कोंबून रडायची, आणि डोळे पुसून परत त्यांना चहा द्यायची. “माजा मानूस कुठंय गं मग?” तिने मला एकदा विचारलं. “ह्यो हितं हाय, तर त्यो कुठंय?” रोज संध्याकाळी ती बांधावर जाऊन त्या झाडाकडे बघत उभी राहायची.

मी प्रतीक्षाला फोन केला. तिला आधी मीच चेष्टा करतेय असं वाटलं. मग माझा आवाज ऐकून ‘थांब, बघते’ म्हणाली. थोड्या वेळाने तिचाच फोन आला. ती हसत नव्हती.

“सुरे, आपण सगळा लेख कधी वाचलाच नव्हता गं. खाली हवामानाच्या भागात आहे अजून. मध्येच. पावसाचं लिहिता लिहिता.”

“काय आहे?”

“‘उतरलेला माणूस वाईट नसतो. त्याला जेवू घालावे. तो स्वतःहून निघाल्यास अडवू नये.’ मग परत पावसाचं.” मग म्हणाली, “कोणी लिहिलंय ते बघितलं मी. नाव नाही. नुसते आकडे आहेत. बाकी कुठल्याच लेखात त्याने काही लिहिलेलं नाही.”

मी आईला ते वाचून दाखवलं. ज्ञानकोश म्हणजे काय हे मला तिला समजावता आलं नाही. तिने विचारलंही नाही. नुसती मान हलवली.

दोन-तीन दिवसांनी सकाळी ते अंगणात येऊन उभे राहिले. पाय धुतलेले, डोक्याला मुंडासं. “येतो, बाई. लई दिस ऱ्हायलो. आता निघाया पायजे.”

आणि ते बांधाकडे चालू लागले.

काका धावले, आडवे आले. “वयनी, ह्ये काय करताय? त्याला धड उतरताबी आलं न्हवतं! पडला म्हंजी? काय वाचलं मोबाईलमदी अन् मानसाचा जीव घालवता का?”

काकांचं चूक नव्हतं. मलाही वाटत होतं की अडवावं. खाली खडक आहे. शरीर तर आमच्या अण्णांचंच होतं ना... आईचा चेहरा पांढरा पडला होता. पण ती आत गेली, दोन भाकऱ्या आणि चटणी फडक्यात बांधून घेऊन आली आणि त्यांच्या हातात दिली.

“निघालेल्या पावण्याला कुनी अडवतंय का, भावजी? बाजूला व्हा.” मग त्यांच्याकडे बघून म्हणाली, “काय कमी पडलं असंल तर मनात ठेवू नका. आमचं मानूस तेवढं...”

त्यांनी मान डोलावली. भाकरीचं गाठोडं कमरेला बांधलं आणि झाडावर चढले. आम्ही तिघं खोडाला वेढा घालून उभे राहिलो, पडलेच तर झेलता यावं म्हणून. पानांत ते दिसेनासे झाले. कडक ऊन होतं, वारा नव्हता. काका पुटपुटत होते. आई मात्र टक लावून वर बघत होती, पापणीही न हलवता.

मग वरून फांद्या वाजल्या. सरसर, भराभर. खालच्या फांदीवरून उडी मारून अण्णा समोर उतरले.

आईने त्यांच्या छातीवर हात ठेवून मागे रेटलं. “थांबा. माज्या म्हायेरच्या दारात कशाचं झाड हाय?”

“आँ? येड लागलं का तुला? उंबराचं!” अण्णा खेकसले. “काय तमाशा लावलाय सगळ्यांनी? सुरे, पानी आन आधी, घसा वाळला!”

आई खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. मीही.

अण्णांच्या लेखी ते त्याच सकाळी चढले होते. मधले दिवस नाहीतच. डॉक्टर म्हणाले, असं होतं, बरं झालं. कमरेचं गाठोडं मात्र नव्हतं. झाडाखाली शोधलं, बांधाखाली शोधलं. वर चढून बघायला काका तयार झाले नाहीत, आणि आम्ही आग्रह केला नाही.

अण्णा आता ठणठणीत आहेत. मी पुन्हा हॉस्टेलवर आले आहे, कॉलेज चालू आहे. डॉक्टरांचं म्हणणं मी माझ्यासाठी हजार वेळा जुळवून पाहिलं. सगळं जुळतं. एक सोडून, आणि त्याच्यासाठीच मी हे लिहिलं. कुणाला त्याचा अर्थ लागत असेल तर सांगा. मला लागलेला नाही.

त्या दिवशी रडं ओसरल्यावर अण्णा पाणी पीत होते. पिता पिता थांबले आणि वर झाडाकडे बघत म्हणाले, “त्यो कोन गडी व्हता गं? म्या उतरताना वर चढत व्हता. फांदीवर बाजूला झाला, मला वाट दिली.”

अण्णा उतरेपर्यंत आम्ही तिघं खोडाला वेढा घालून उभे होतो. आमच्यामधून कुणीही चढलं नव्हतं. आईने विचारलं, “काय म्हनला?”

“काय नाय,” अण्णा म्हणाले. “म्हनला, भाऊ, घर लई चांगलं हाय तुमचं.”