रिकाम्या जागेवरचा क्रूस

माझी कापा मावशी, म्हणजे कापितोलिना साव्विच्ना, येकातेरिनबुर्गच्या ओतकाम कारखान्यात लाकडी साचे बनवायची. तिच्या हातचा साचा कधी नापास झाला नाही.

क्रांतीनंतर पदच्युत झार, झारीना, चार मुली आणि आजारी मुलगा यांना ज्या घराच्या तळघरात गोळ्या घातल्या, ते घर सरकारने सत्त्याहत्तर साली पाडलं. रिकाम्या जागेवर कुणी कुणी गुपचूप फुलं ठेवायचं. मावशी चर्चची पायरी न चढणारी. पण एका रविवारी भर दुपारी तिने स्वतः केलेला क्रूस तिथे रोवला. संध्याकाळी तो गायब. पुढच्या रविवारी दुसरा रोवला, तोही गेला.

कारखान्यातले कम्युनिस्ट पक्षाचे सचिव रोदिओन ग्लेबोविच यांनी तिला बोलावलं. मी तिथेच टायपिस्ट होते.

"झारचा एवढा पुळका कशाला हो?"

"झारचं नाव काढू नका. त्याच्या राज्यात माझ्या आज्याने खाणीत चाबूक खाल्लाय. पण पोरांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं?"

"पुन्हा करणार नाही, असं लिहून द्या."

मावशीने लिहिलं, 'लाकूड माझं, वेळ माझा, काम माझं. पुन्हा करीन.' खाली ठसठशीत सही.

दुसऱ्या दिवशी तिच्या हाती झाडू आला. नऊ वर्षं तिने कारखान्याची तीच प्रशिक्षण शाळा झाडली, जिथे तिने चाळीस कारागीर घडवले होते. कुणी हसलं की म्हणायची, "आधी रंधा धर सरळ, मग दात काढ."

पुढे सोव्हिएत सत्ता गेली, चर्चने त्या कुटुंबाला संत ठरवलं आणि त्याच जागी मोठं चर्च उभं राहिलं. त्यानंतरच्या पहिल्याच जुलैत, त्या हत्येच्या स्मृतिदिनी, रांग पार रस्त्यावर गेली. क्रूसांची गोष्ट ऐकून असलेले पाद्री मावशीला पुढे न्यायला आले.

"मी रांगेत बरी," ती म्हणाली.

आमच्या मागे काठी टेकत मान घालून उभे होते रोदिओन ग्लेबोविच. माझं डोकंच फिरलं. मावशीने मात्र त्यांचा दंड धरला.

"या, पुढे या. गुडघे दुखत असतील."

"कापितोलिना साव्विच्ना, ते क्रूस मीच उपटायला लावले होते."

"ठाऊक आहे. किती माणसं लागली?"

"चार."

मावशी खो खो हसली. अख्खी रांग वळून बघायला लागली.

आत त्या कुटुंबाच्या मूर्तिचित्रापुढे तिने पाचही मुलांची नावं खणखणीत घेतली: ओल्गा, तात्याना, मारिया, अनास्तासिया, अलेक्सेय. मागे कुणी घाई केली नाही.