गिरणीवाल्या अण्णांचा फळा

भूपाल अण्णा मगदूम यांना बसून चहा पिताना मी कधी पाहिलं नाही. कपबशी हातात आणि स्वारी आपली गिरणीच्या दारापासून तालमीच्या भिंतीपर्यंत, तिथून परत. मध्येच कुणाचा तरी डबा सरकवतील, पट्ट्याकडे बघतील, घरात डोकावून बायकोला, शालनला, काहीतरी विचारतील आणि तिचं उत्तर यायच्या आत पुन्हा रस्त्यावर. गडहिंग्लजात आमच्या गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात म्हणून मीही म्हणते, पण वयाने ते माझ्याहून लहान. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. जन्मभर चुळबुळ्या पोरांना बाकावर बसवलं, पण शेजारचं हे एक पोर काही मला बसवता आलं नाही.

तालमीच्या भिंतीवर आमच्या तरुण मंडळाचा फळा आहे. मंडळातले तरुण आता नातवंडं खेळवतात, पण फळ्यावरचं 'तरुण' अजून कुणी पुसलेलं नाही. पूर्वी तिथे उद्या पाणी येणार नाही, अमक्याचं रक्षाविसर्जन, मंडळाची बैठक, असलं काय काय असायचं. मग लिहिणारा सेक्रेटरी कोल्हापूरला राहायला गेला आणि अण्णांनी खडू हातात घेतला. खडू माझ्याकडूनच जायचे. अण्णा रोज पहाटे, गिरणी चालू करायच्या आधी, एक विचार लिहायचे. तोही स्वतःचा. छापील सुविचार त्यांना चालत नाहीत. "दुसऱ्याचं उष्टं कशाला वाढायचं, इंदूताई?" म्हणतात.

म्हणजे असं की, 'शेजाऱ्याच्या भांडणात आपल्याला न्याय दिसतो, स्वतःच्या भांडणात फक्त अपमान.' किंवा, 'ज्याला फार घाई आहे त्याला कुठे निघालास म्हणून विचारू नये, त्याला माहीत नसतं.' लिहून झालं की दोन पावलं मागे यायचे, एखादा शब्द पुसायचे, परत लिहायचे, परत पुसायचे. बाहीला खडू, केसांत पीठ. माणूस डोक्यापासून पायापर्यंत पांढरा.

आता आमची गल्ली विचार वाचत नाही. आमची गल्ली विचारते, "आज कुणाला हाणलंय?" दूध घेऊन येणाऱ्या बायका तिथे थांबणार, वाचणार, आणि काल गिरणीत कोण कोण आलं होतं ते आठवून तो विचार कुणाच्या तरी नावावर चढवणार. घाईचा विचार पोस्टातल्या कदमांच्या अंगावर गेला आणि त्यांनी महिनाभर दळण दुसरीकडे नेलं. अण्णा गळ्याची शप्पथ घेऊन सांगायचे की मी कुणाला मनात धरून लिहीत नाही. कुणाला खरं वाटणार? फळ्यावर लिहिलंय म्हणजे कुणाचं तरी आहेच, हा आमचा कायदा.

तर एका सकाळी अण्णांनी लिहिलं, 'एकाच घरात जन्म काढूनही माणूस भाडेकरूसारखा राहू शकतो.'

गल्लीला निकाल द्यायला वेळ लागला नाही. शालन हल्ली गप्प गप्प असते, गिरणीत पूर्वीसारखी हात लावायला येत नाही, म्हणजे हे तिलाच. दुपारी कमल पाटील गव्हाचा डबा घेऊन आली आणि चार बायकांच्या देखत मोठ्यांदा म्हणाली, "काय शालनवैनी, महिन्याला भाडं किती देतासा?"

बायका खो खो हसल्या. शालनही हसली. अण्णा नेमके पट्टा निसटला म्हणून मागच्या बाजूला वाकले होते, त्यांना यातलं काही कळलं नाही. मगदूमांचं घर जैन, म्हणून दिवस मावळायच्या आत तिने त्यांना रोजच्यासारखं जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन माझ्या दारात आली.

"इंदूताई, संकेश्वरला भावाकडं जातो जरा."

"कधी येणार?"

"बगू," ती म्हणाली आणि गेली.

'बगू' म्हणणारी बाई लवकर येत नाही, हे मला माहीत होतं. अण्णांना माहीत नव्हतं. त्यांना गल्लीतल्या कुणीतरी भाड्याचा किस्सा सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा त्या पिठापेक्षा पांढरा पडला. आणि हा शहाणा माणूस काय करतो? संकेश्वरची गाडी धरायची सोडून खडू धरतो! दुसऱ्या दिवशी फळ्यावर, 'भाडेकरूचं लिहिणाऱ्याने स्वतःबद्दल लिहिलं होतं.' झालं. हे खरं की सारवासारव, यावर गल्लीत दोन तट पडले. मग लिहिलं, 'ज्याचं चुकलं त्याने आधी बोलावं.' आमच्याकडे गटारीवरून एकमेकांशी न बोलणारे दोन घाटगे बंधू आहेत. दोघंही वेगवेगळे गिरणीत येऊन अण्णांचा हात हातात घेऊन गेले. "आमच्या भावाला बरं हाणलंसा!" दोघंही. बोलायला मात्र कुणीच गेलं नाही.

गिरणीचं तर विचारूच नका. अण्णांचे पाय आता तालमीपर्यंत नाही, थेट चौकापर्यंत जाऊन येत होते. दळण जात्यात, अण्णा चौकात. उपासाचं पीठ सकाळी जातं धुऊन-पुसून पहिलं काढायचं, त्यानंतर गहू, मग जोंधळा, हा त्यांचा नेम. शालन असताना तिचा एक डोळा त्यावर असायचा. त्या आठवड्यात अण्णांनी कमल पाटीलची वरी गव्हावरच ओतली.

"अण्णा, एकादशी मोडली माझी!" कमल भर रस्त्यात ओरडली. "थालीपीठ तोंडात घातलं आणि गव्हाची चव!"

"तुमच्या तोंडाला तेवढीच शिक्षा पुरे," मी खिडकीतून म्हणाले. मला राहवेना. मग खाली उतरून अण्णांना गाठलं.

"फोन केलात का तिला?"

"केला की. भाच्यानं उचलला. म्हणाला, आत्या कामात हाय."

"आणि तिने उचलला असता तर काय बोलणार होतात?"

अण्णा चालायचे थांबले. "तीच तर पंचाईत हाय, इंदूताई. मला फळ्यावर सुचतंय. तोंडावर सुचत न्हाई."

असा राग आला मला! गल्लीला शहाणपण वाटत फिरायचं आणि घरात मुकं. "चला," म्हटलं. "गिरणी बंद करा. आत्ताच्या आत्ता."

गाडीत निम्म्या जागा रिकाम्या होत्या तरी अण्णा दांडी धरून उभे. संकेश्वर येईपर्यंत पुढच्या दारापाशी दोनदा आणि मागच्या दारापाशी दोनदा जाऊन आले. कंडक्टरने शेवटी विचारलं, "काय हरवलंय का काय, मामा?"

शालन भावाच्या अंगणात शेंगा फोडत बसली होती. आम्हाला बघून उठली, पाणी दिलं, परत शेंगांपाशी बसली. भाऊ-भावजय रानात गेलेली. अण्णा नळापासून गोठ्यापर्यंत येरझाऱ्या घालायला लागले आणि चालता चालताच बोलले, "शाले, ते मी माझ्याबद्दल लिव्हलं हुतं. देवाशप्पथ."

"ठाऊक हाय."

"मग?"

"मग काय मग! तुम्हाला घरात भाडेकरूसारखं वाटतंय, हे मला कमळीनं सांगायचं व्हय? गिरणीत, चार बायकांत?"

अण्णा गोठ्याकडे वळले.

"हातात खडू घेतल्यापासनं ह्येच. तुमच्या मनात काय हाय ते मी गल्लीबरोबर वाचायचं. दुधाची किटली घेऊन रस्त्यात हुबारायचं आणि वाचायचं, आज माझा नवरा सुखात हाय का दुःखात. एखाद्या दिवशी माझ्या आधी कमळी वाचून गेलेली असायची. आधी गल्लीला, मग मला."

मी इतकी वर्षं तो फळा वाचला, खडू पुरवले, वाचून हसले, चिडले. शालनही आमच्यातच उभी राहून वाचत असते, आणि आमच्याइतकंच तिलाही नवं असतं, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण जाणार कुठे?

"बसा आधी," ती म्हणाली.

अण्णा कट्ट्याच्या टोकाला टेकले. एक गुडघा सारखा हलत होता. मग खाली बघत म्हणाले, "लिहून झालं की मी रोज स्टँडवर जातो. पहिली गाडी सुटंपर्यंत हुबारतो. कुठं जायचं ते ठरल्यालं नसतंय. नुसतं जावं वाटतंय. मग गिरणीची वेळ हुती, येतो माघारी. तुझ्यावर राग न्हाई, कशावरच न्हाई. पण आत काय तरी सारखं फिरतच असतंय. थांबतच न्हाई."

आता संपलं, असं मला वाटलं. नवरा रोज पहाटे घर सोडायला निघतो, हे ऐकून कुठली बाई परत येईल? शालनच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आणि मला?" ती म्हणाली.

"तुला काय?"

"मला न्हाई वाटत व्हय जावंसं?"

अण्णांचा गुडघा हलायचा थांबला.

"चूल, डबं, पीठ. गिरणी थांबली तरी माझ्या कानात घरघर चालूच असती. तुम्ही निदान स्टँडवर तरी जाऊन येतासा. मी कुठं जाऊ? भाडेकरू म्हणं! तुम्ही भाडेकरू, मीबी भाडेकरू, मग त्या घराचा मालक कोण? गिरणीचा पट्टा?"

मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. अण्णा मात्र तिच्याकडे असे बघत होते की ही बाई त्यांना आज पहिल्यांदाच कुणी दाखवली असावी. "मला कवा बोलली न्हाईस," एवढंच म्हणाले.

"कवा इचारलासा?"

तिने आमच्यासाठी भाकरी टाकल्या, आम्ही जेवलो. मग ती आत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. संकेश्वर कर्नाटकात, तेव्हा शेजारणीला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं आणि म्हणाली, "चला." माझा जीव भांड्यात पडला. सुटलं म्हटलं एकदाचं, येतेय घरी.

स्टँडवर गडहिंग्लजच्या गाडीला वेळ होता. अण्णा फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते, पण आता जरा हलक्या पायाने. तेवढ्यात दुसरीच एक गाडी लागली. शालनने कंडक्टरला काहीतरी विचारलं आणि सरळ पायरीवर पाय ठेवला.

"अगं, ही आपली न्हवं!" अण्णा धावले. "ही कुठं जाती?"

"गोकाकला म्हणतोय. चढा."

"गोकाकला? तिथं कोण हाय आपलं?"

"कोण न्हाई. म्हणून तर."

ती आत गेली आणि खिडकीशी बसली. आणि रोज पहाटे स्टँडवर जाऊन उभा राहणारा हा माणूस, सगळ्या जन्माची जायची घाई असलेला, पायरीपाशी खिळला. पाय उचलेना. "इंदूताई, गिरणी... घाटग्यांचं दळण पडलंय... कपडं न्हाईत काय न्हाईत..." कंडक्टरने शिट्टी तोंडात धरली. शालन खिडकीतून बघत होती. एकदाही 'या' म्हणाली नाही. आत्ता हा चढला नाही तर ही बाई पुन्हा याला काही म्हणजे काही सांगणार नाही, हे मला लख्ख दिसलं. अण्णांना दिसत होतं की नाही देव जाणे. मी दोन्ही हात त्यांच्या पाठीला लावले आणि होतं नव्हतं ते बळ लावून ढकललं.

"दळणाचं मी बघते. जावा!"

अण्णा आत पडलेच जवळजवळ. गाडी मागे वळत होती तेव्हा मला खिडकीत दोघं दिसले. अण्णा चक्क बसले होते. शालन त्यांच्याकडे वळून बोलत होती, भराभर, हातवारे करत. असं बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. अण्णा मान खाली घालून, कान तिच्या तोंडाशी नेऊन ऐकत होते.

गल्लीत पोचले तर सगळ्यांनी मला दारातच घेरलं. कमल सर्वांत पुढे. "काय म्हणाली शालन? काय बोलली त्यांना?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"असं कसं माहीत न्हाई? तुम्ही तिथंच हुतासा की!"

"होते. पण गाडीत ती काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही."

कुणाचाच विश्वास बसला नाही, आजही बसत नाही. पण खरंच मला माहीत नाही. ते फक्त अण्णांना माहीत आहे.