तिसरी बरणी

१९५९. एप्रिलातला रविवार. बरण्या धुवायच्या आणि लोणच्याच्या कैऱ्या आणायच्या. कैऱ्यांसाठी मी लालबागच्या बाजारात गेले आणि बरण्यांचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. तिथेच घोटाळा झाला.

घरात बरण्या तीन. दोन लोणच्याच्या. तिसरी धाकट्या भावोजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, पळवली होती. तिच्यात फरशी घासायचं ॲसिड, कान धुवायचं पेरॉक्साइड आणि तांब्याच्या तारेचे तुकडे घालून केलेलं हिरवंगार पाणी होतं. तांब्याचा पत्रा चिकटवलेली पाटी त्यात बुडवली की उघडं तांबं विरघळतं आणि रंगाखाली झाकलेल्या रेघा तेवढ्या उरतात. त्या रेघा म्हणजे रेडिओतल्या वायरी. ही विद्या भावोजींनी कुठल्याशा परदेशी मासिकातून उचलली होती. ते ज्या रेडिओच्या दुकानात उमेदवारी करत, तिथल्या मालकाने बजावलं होतं, "सोमवारी अशी एक पाटी करून दाखव. जमली तर कायम करतो, नाही तर दुसरं दुकान बघ."

पाटीवर रेघा काढून तयार होत्या. त्या माझ्या नेलपॉलिशने काढल्या होत्या, आणि माझ्याकडे नेलपॉलिश आहे हे सासूबाईंना ठाऊक नव्हतं.

मी कैऱ्या घेऊन आले तर भावोजी मोरीच्या उंबऱ्यावर डोकं धरून बसलेले.

"आई, ओतलंस कशाला गं?"

"कळाकला होता ता!" सासूबाई म्हणाल्या. "हिरवागार झालेला. कोणाच्या पोटात गेला असता म्हणजे?"

त्यांचं चुकलं असं मला म्हणवेना. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी हिरवी पडली की ओतून द्यायची, हे त्या जन्मभर करत आल्या होत्या. वासावरून कळलं असतं, पण तपकिरीने त्यांचं नाक केव्हाच निकामी केलं होतं. त्या पाण्याने मोरीची पितळी जाळी तेवढी गुलाबी पडली होती.

औषधांचं दुकान रविवारी बंद, त्यामुळे पेरॉक्साइड मिळणार नव्हतं. मी बरणी वाकडी करून पाहिली. नळ गेल्यामुळे ती विसळायची राहिली होती. तळाशी थोडं हिरवं पाणी होतं.

"एवढ्यावर नाही का भागणार?"

भावोजींनी बरणीत डोकावलं. "भागेल! ॲसिड आहे, तार आहे. हे एवढं असलं की पुढचं हवेवर वाढतं. पण हवा सारखी पाहिजे, वहिनी."

"म्हणजे विरजणच की. मग रडताय काय? सायकलचा पंप आणा."

घरात त्या वाफेने ठसका लागतो, म्हणून बरणी गॅलरीत नेली. तिच्यात उरलेलं ॲसिड आणि तारेचे तुकडे घातले, पंपाला रबराची नळी लावून ती आत सोडली आणि भावोजी हवा भरू लागले. थोड्या वेळाने त्यांचे हात भरून आले. तेवढ्यात शेजारचे मास्तर समितीच्या सभेला निघाले.

"काय चाललंय?"

"मास्तर, मुंबई नंतर घ्या, आधी हा पंप घ्या," मी म्हटलं.

मास्तरांनी तो घोषणेच्या तालावर चालवला. 'झालाच' म्हणताना खाली, 'पाहिजे' म्हणताना वर. ताल ऐकून मजल्यावरचे सगळे पुरुष जमले. पाणी आधी काळपट पडलं, मग हिरवं व्हायला लागलं, मग बरणीच्या तोंडापर्यंत उसळलं.

"हळू!" सासूबाई आतून ओरडल्या. "ताक घुसळतास की आग विझवतास?"

त्या बाहेर आल्या, पदर खोचला, मास्तरांच्या हातातून पंप काढून घेतला आणि पाटावर बसून सावकाश, एका लयीत चालवू लागल्या. माफी वगैरे मागण्यातल्या त्या नव्हेत. पण दिवेलागणीपर्यंत त्यांनी पंप कोणाला दिला नाही.

मग पाटी बुडवली. जेवणं होईतो उघडं तांबं गेलं आणि लालचुटुक रेघा तेवढ्या राहिल्या.

"ह्या लाल काय?" सासूबाईंनी विचारलं.

"रंग," मी म्हटलं.

"माका म्हायत आसा, कसलो रंग तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी पाटी रुमालात बांधून गेले आणि तासाभरात जिना धडाधडा चढत परत आले. "वहिनी, कायम केलं! आणि अशा आणखी सहा मागितल्यात!"

मी बरणीला हळदीकुंकवाची बोटं लावली आणि ती गॅलरीत तुळशीच्या डब्यामागे ठेवली. कुंकू लावलेली वस्तू सासूबाई मोरीत ओतणार नाहीत, याची मला खात्री होती. मग कैऱ्या चिरायला बसले. दोन बरण्यांत मावतील तेवढ्याच.