माजघराला निळा रंग

तिकडे अमेरिकेत लढाई लागली आणि इकडे वलगावच्या खुशालरावाला आपल्या घराच्या भिंती दिसू लागल्या. त्याआधी चाळीस वर्षं तो त्याच भिंतींना पाठ टेकून बसला होता, पण भिंतीला रंग असतो हे त्याच्या गावीही नव्हतं. ते बघायची त्याची बायको मनकर्णा. लग्न होऊन आली तेव्हापासून दर दिवाळीला ती खदानीतून पांढरी माती आणायची, भिजवायची आणि सगळं घर एकटी पोतारायची.

अमेरिकेचा कापूस अडला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तसा खुशालराव उमरावतीच्या बाजाराला चकरा मारू लागला. तिथल्या एका दलालाच्या घरी त्याने निळी खोली पाहिली, गुलाबी पाहिली, आणि तेव्हापासून त्याला आपल्या घरात जेवण गोड लागेना. त्याने अय्युब रंगाऱ्याला बोलावलं. अय्युबने ओसरीवर चार रंगांचे चार पट्टे ओढून दाखवले. खुशालरावाने ते आठ दिवस बघितले. उन्हात बघितले, सावलीत बघितले, एकदा बाजेवर आडवं पडून बघितले. पटवाऱ्याला विचारलं, न्हाव्याला विचारलं, दारावरून जाणाऱ्या कासारालासुद्धा थांबवून विचारलं. दोन हातांच्या अंतरावर जात्याशी बसलेल्या बायकोला मात्र विचारलं नाही. आणि एवढी अक्कल पाजळून ठरवलं काय, तर निळा, कारण दलालाचा निळा होता.

खरी गोष्ट माजघराच्या दाराजवळ होती. तिथे हळदीचे दोन लहान पंजे उमटलेले होते. मुलगी शकुन सासरी निघाली तेव्हा तिने रीतीप्रमाणे ते उठवले. दुसऱ्याच वर्षी हिवरखेडला, सासरी, ती पटकीने गेली. दर दिवाळीला मनकर्णा पांढरी माती त्या पंजांच्या कडेकडेने फिरवायची, एका बोटालाही लागू द्यायची नाही.

"तेवढा तुकडा सोडा," ती नवऱ्याला म्हणाली. "बाकी घर निळं करा नाई तं काळं करा, मी काई म्हणत नाई."

"त्याच खोलीत उद्या दलाल जेवाले येऊन राहिला. भिंतीवर असे डाग पाहून तो आपल्याले अडाणी म्हणन!"

डाग. पोटच्या पोरीच्या हातांना हा माणूस डाग म्हणाला. मनकर्णाला त्याची किळस आली.

ती चुलीपाशी गेली. घरचं कुंकू ती स्वतः करायची, हळदीत चुना घालून. तेच कुंकू खुशालराव रोज सकाळी ऐटीत कपाळाला लावायचा, पण ते कशाचं होतं हे त्याने जन्मात विचारलं नव्हतं. तिने हळकुंडं वाटली, दाट कालवली आणि ते पंजे बोटाबोटाने भरून काढले, रेघेबाहेर जाऊ न देता.

अय्युब नीळ घातलेल्या चुन्याचं मडकं घेऊन मागे उभा होता. जन्म चुन्यात गेलेला माणूस तो.

"बाई, याच्यावर चुना लागला तं काय होईन, ठाव हाये ना?"

"तुमी तुमचं काम करा, अय्युबभाई. मालकानं सांगतलं तसं."

त्याने तसंच केलं. दुपारपर्यंत भिंत निळी झाली आणि त्या निळ्यातून दोन पंजे लालभडक वर आले. खुशालरावाने दुसरा हात मारायला लावला, मग तिसरा. प्रत्येक वेळी ते उमटलेच.

"हे काय करून ठेवलं तुनं?"

"माह्यापाशी हळद होती. चुना तुमी लावला."

दुसऱ्या दिवशी दलाल आला. नेमका त्या भिंतीसमोर पाटावर बसला आणि म्हणाला, "वा! हे हात कोणाचे काढलेत?"

खुशालराव खाकरला. "ते होय? मुद्दाम काढून घेतले. उमरावतीले सध्या हेच चालू हाये म्हणते रंगारी."

दलाल उमरावतीचाच होता.

वरणाचं भांडं घेऊन आलेली मनकर्णा दारातच थांबली. परक्या पुरुषासमोर ती कधी बोलली नव्हती.

"शकुनचे हायेत," ती म्हणाली. "आमची लेक. दोन वर्सं झाले तिले जाऊन."

दलालाने हातातला घास खाली ठेवला. खुशालराव मान खाली घालून भात कालवत राहिला. त्याच्या कपाळावरचा टिळा त्या पंजांच्याच रंगाचा होता.