सईच्या अर्जातील डावा हात

"तुमची सात पानं मी वाचली," फोनवरच्या बाई म्हणाल्या. "आता मला त्या मुलीबद्दल काहीतरी सांगा."

बावीस वर्षांच्या अर्जलेखनात असे मला कोणी म्हटले नव्हते. त्या सात पानांना अठरा जोडपत्रे होती. प्रत्येकाला क्रमांक होता आणि प्रत्येक क्रमांकाचा उल्लेख मजकुरात यथास्थान होता. मी तसे त्यांना नम्रपणे कळवले.

"जोडपत्रंही पाहिली," त्या म्हणाल्या. "स्पेलिंगच्या स्पर्धेत तिसरी आली होती. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मला बास्केटबॉल खेळणारी हवी आहे."

मी अमेरिकेत, एडिसनमध्ये, ओक ट्री रोडवरील एका वकीलबाईंच्या ऑफिसात अर्ज, विनंतीपत्रे आणि प्रतिज्ञापत्रे लिहितो. मी वकील नाही. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. परंतु तालुक्याच्या कचेरीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एका नामांकित अर्जनवीसांच्या हाताखाली मी तयार झालो. कोणती गोष्ट कोणत्या परिच्छेदात ठेवावी, याचे शिक्षण कोणत्याही कॉलेजात मिळत नाही. ते मला मिळाले. इंग्रजी मी कचेरीतली लिहितो. मेहता मॅडम, म्हणजे आमच्या वकीलबाई, ती शेवटी तपासतात आणि सही करतात.

प्रकरण असे होते. नितीन निमकर हे मूळ पुण्याचे, येथे सॉफ्टवेअर कंपनीत. त्यांची मुलगी सई कॉलेजच्या शेवटच्या वर्षात होती आणि कॉलेजच्या संघातून बास्केटबॉल खेळत होती. तिला पुढे व्यावसायिक खेळाडू व्हायचे होते. युरोपातील लहान-मोठे क्लब अमेरिकेतल्या कॉलेजांतून मुली निवडतात. ही निवड करणाऱ्या व्यक्तीला स्काउट म्हणतात. मला फोन करणाऱ्या ग्रेस बाई अशाच स्काउट. त्या स्वतः अनेक वर्षे खेळलेल्या. दर वसंतात त्या एक कॅम्प घेतात, थोड्या मुलींना बोलावतात, आणि क्लबचे कोच तेथे येऊन मुली पाहतात.

निमकरांनी मुलीशी करार केला होता. कॅम्पचे बोलावणे आले तर एक वर्ष खेळायचे. आले नाही तर ऑगस्टपासून फार्मसी स्कूल, आणि बास्केटबॉल हा विषय बंद. फार्मसीची सीट मिळालेली होती.

पहिल्या भेटीत निमकरांनी माझ्या टेबलावर जाड फाइल ठेवली. तिसरीपासूनची सर्व प्रमाणपत्रे प्लॅस्टिकच्या पाकिटांत होती. स्पेलिंग, अबॅकस, मंडळाच्या गणेशोत्सवातील नाट्यछटा, भरतनाट्यम.

"बाबा, सीरियसली? अबॅकस?" सई म्हणाली.

"तू गप्प बस. सोनटक्के साहेबांना कळतं काय लावायचं ते."

मला कळत होते, असे मीही समजत होतो. मी सर्व लावले. प्रत्येक परिच्छेदात 'असामान्य' हा शब्द घातला. तिने प्रत्येक मॅचमध्ये किती गुण केले, ते ठळक अक्षरांत दिले. मेहता मॅडम वाचून म्हणाल्या, "सोनटक्केजी, इतना तो जज भी नहीं पढ़ता." मी ते मनावर घेतले नाही.

आता ग्रेस बाई फोनवर होत्या. त्यांचे बोलणे येथे मराठीत देतो.

"सई त्या संघातली सर्वांत उंच मुलगी आहे ना?"

"होय. पाच फूट दहा इंच. जोडपत्र चार."

"म्हणून तिला बास्केटखाली उभं करतात. चेंडू वरून येतो, ती घेते, टाकते. समोरच्या मुली तिच्या खांद्याला लागतात. मी निवडलेली मुलगी जिथं जाईल, तिथं समोर सव्वासहा फुटी बाई असेल. मग हे गुण कुठून होणार?"

मी जोडपत्र चार पुन्हा उघडले.

"उंचीमुळे मिळालेलं सगळं बाजूला काढा. शिल्लक काय राहतं ते सांगा. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत, एका पानात. आणि पूर्ण मॅचचं रेकॉर्डिंग पाठवा. तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओत फक्त यशस्वी शॉट आहेत आणि मागं गाणं आहे."

त्या शनिवारी दुपारी मी कॉलेजच्या जिममध्ये जाऊन बसलो. बास्केटबॉलची मॅच मी आयुष्यात प्रथमच प्रत्यक्ष पाहत होतो. तथापि साक्षीदार कसा पाहावा हे मला माहीत आहे. माझ्या गुरूंची पद्धत अशी की कागद उभा दुमडायचा. एका रकान्यात अशील काय सांगतो ते लिहायचे, दुसऱ्यात तो काय दाखवू शकतो ते. मी कागद दुमडला आणि रकान्यांना नवी नावे दिली: 'उंचीमुळे' आणि 'उंचीशिवाय'.

मध्यंतरापर्यंत पहिला रकाना भरला. दुसऱ्यात एक ओळही नव्हती. सईने गुण भरपूर केले होते आणि आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवत होते. मला मात्र घाम फुटला. कारण ग्रेस बाईंचे म्हणणे खरे होते. माझी सात पाने म्हणजे तिच्या उंचीचे सात पानी वर्णन होते.

शेजारी सईची आई, अनुजाताई, मोठ्याने ओरडत होत्या. "अगं शूट कर ना! कशाला देतेस तिला?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिची ही खोडच आहे हो. शाळेत डबा न्यायची तर तोही वाटून यायची. स्वतः उपाशी."

या वाक्याने माझे डोळे उघडले. उत्तरार्धात मी चेंडूकडे पाहणे सोडले आणि केवळ सईकडे पाहू लागलो.

तिच्या अंगावर दोन मुली धावून येत. त्या पोचेपर्यंत चेंडू तिच्या हातात नसे. तो मोकळ्या उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे गेलेला असे, आणि सईचे तोंड मात्र भलतीकडे असे. मी मोजू लागलो. मैत्रिणींनी निम्मे वेळा तो शॉट चुकवला. त्यामुळे हिशेबात सईच्या नावावर काहीच लागत नव्हते. पण तिने पाहिले होते, आणि वेळेआधी पाहिले होते. समोर कितीही उंच बाई आली तरी हे डोळे तिच्याजवळच राहणार होते.

नंतर फ्री थ्रो. समोरच्याने धक्का दिला की खेळाडूला ठरावीक रेषेवरून, कोणीही न अडवता, बास्केटमध्ये चेंडू टाकायला मिळतो. तेथे उंचीचा संबंध नाही. तेथे फक्त हात खरा की खोटा, एवढेच दिसते. त्या दिवशी तिचा एकच चुकला.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटली. शॉट चुकला की इतर मुली डोक्याला हात लावत, पंचाकडे पाहत, बाकाकडे पाहत. सई तेवढ्या वेळात मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचलेली असे. स्वतःच्या चुकीनंतर तोंड वाकडे न करणारी माणसे मी कचेरीत फार थोडी पाहिली आहेत. बावीस वर्षांच्या वयाची तर एकही नाही.

मी लिहीत होतो. तेवढ्यात समोरच्या संघाचा कोच बाकावरून ओरडला, "लेफ्ट! सेंड हर लेफ्ट!"

त्यांच्या मुलीने सईची उजवी बाजू अडवली. सई डावीकडे वळली, अडखळली, पुन्हा उजवीकडे आली. चेंडू गेला. पाच मिनिटांनी तेच. सबंध जिमला ठाऊक होते की या मुलीचा डावा हात चालत नाही.

मॅच संपल्यावर सई टॉवेलने मान पुसत आली.

"काका, एवढं काय लिहिताय?"

"तुझा डावा हात."

ती हसली. "एव्हरीबडी नोज. ओन्ली मॉम डझन्ट. रोज सकाळी क्लासच्या आधी लेफ्टनं ड्रिबल करते. ब्रश लेफ्टनं करते. जेवतेपण लेफ्टनं."

"डाव्या हाताने? जेवतेस?"

"हो ना. व्हिडिओ कॉलवर पुण्याची आजी बघते आणि ओरडते. 'हे काय गं, डाव्या हातानं घास?' मी सांगते, आजी, इट्स ट्रेनिंग. शी इज नॉट कन्व्हिन्स्ड."

त्यानंतरच्या बुधवारी मी दुसरी मॅच पाहिली आणि गुरुवारी एक पान लिहिले. 'असामान्य' हा शब्द त्यात नव्हता. प्रत्येक विधानापुढे रेकॉर्डिंगमधील मिनिट दिले होते, जसे आम्ही पुराव्यापुढे पृष्ठक्रमांक देतो. शेवटचा परिच्छेद डाव्या हाताचा होता. कोणत्या मिनिटाला चेंडू गेला, ते दोन्ही मॅचमधून लिहिले. ती सध्या डाव्या हाताने जेवते, हेही लिहिले.

निमकर संध्याकाळी सईला घेऊन ऑफिसात आले. वाचले आणि उभेच राहिले.

"सोनटक्के साहेब, तुम्ही आमच्या बाजूचे की त्यांच्या?"

"तुमच्याच."

"मग उणीव कशाला लिहिता? आणि हे काय, डाव्या हातानं जेवते? पोरीला वळण नाही असं वाटेल त्यांना!"

मान्य केले पाहिजे की त्यांचा राग अयोग्य नव्हता. अशिलाविरुद्ध स्वतः होऊन एक अक्षर लिहू नये, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मी तो त्या दिवसापर्यंत मोडला नव्हता. मॅडमही दाराशी येऊन म्हणाल्या, "सोचके भेजिए. पान परत मागता येणार नाही. तिचं एक वर्ष पणाला लागलंय."

मला ते माहीत होते. परंतु मी त्या कोचचे ओरडणे ऐकले होते. जे परक्या संघाला बाकावरून दिसते ते ग्रेस बाईंना दिसणार नाही, असे समजणे हा अडाणीपणा होता.

"निर्णय सईने करावा," मी म्हटले.

सईने पान दोनदा वाचले. दुसऱ्यांदा सावकाश.

"हे पासेसचं कुणी नोटिस केलं नव्हतं," ती म्हणाली. "कोचनंपण नाही." मग वडिलांकडे वळली. "बाबा, डावा हात खरा आहे. तो काढला तर बाकीचं पण खोटं वाटेल. सेंड इट, काका."

"मग ते जेवणाचं तरी काढू," निमकर म्हणाले.

"नो. ते तर पहिलं ठेवा."

पान गेले. सोमवारी ग्रेस बाईंचा फोन आला.

"मी आधी डाव्या हाताची मिनिटं पाहिली," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहिलंय तितकाच वाईट आहे. मग बाकीची पाहिली. तिला पाठवा. आणि मी तिला बास्केटखाली उभं करणार नाही. गार्ड म्हणून खेळवणार." गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ मांडणारी. सई त्या जागेवर कॉलेजात एकदाही खेळली नव्हती.

कॅम्पला निमकर मला आग्रहाने घेऊन गेले. तेथे सई सर्वांत उंच नव्हती. मधल्या उंचीचीही जेमतेम होती. पहिल्याच खेळात समोरच्या मुलीने तिला डावीकडे ढकलले आणि चेंडू गेला. निमकरांनी माझ्याकडे पाहिले. मी समोर पाहत राहिलो. दुसऱ्यांदाही गेला. दोन्ही वेळा सई सगळ्यांच्या आधी मागे पोचलेली होती, आणि दुसऱ्या वेळी तिने तोच चेंडू परत हिसकावला. तिसऱ्यांदा ती डावीकडे गेली. दोघी तिच्यावर येत होत्या. डाव्या हातानेच, न पाहता, तिने चेंडू मोकळ्या मुलीकडे दिला. फार देखणा पास नव्हता तो. पण पोचला. भिंतीशी उभ्या असलेल्या एका कोचने वही उघडली.

पोर्तुगालमधील दुसऱ्या श्रेणीच्या एका क्लबने तिला एका हंगामासाठी घेतले. पहिल्या श्रेणीच्या कोणी विचारले नाही, हेही लिहिले पाहिजे. फार्मसी स्कूलचा प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याचा अर्ज मीच लिहिला. तो साडेचार ओळींचा होता आणि मंजूर झाला.

तेव्हापासून नवीन अशील आला की मी त्याला पहिला प्रश्न हाच विचारतो, तुमच्या विरुद्ध काय आहे. लोक रागावतात. काही उठून जातात. बहुतेकांना ती जागा कोरी ठेवायची असते. मी ठेवू देत नाही. कोरी जागा वाचणारा स्वतः भरतो, आणि आपण लिहिली असती त्याहून वाईट भरतो.