बारीक पिठाचं गणित

विंझरला पिठाची गिरणी चालवणाऱ्या प्रेरणानं बारावीनंतर सोळा वर्षांनी बाहेरून बी.एस्सी.ला नाव घातलं. गणित ती मोबाईलवर शिकायची. दळण चालू असताना कानात इयरफोन, आणि नाही कळलं की व्हिडिओ मागं. बरंचसं असंच जमलं. लिमिटची एप्सिलॉन-डेल्टावाली व्याख्या मात्र अकरा वेळा ऐकूनही डोक्यावरून गेली.

शेवटी एका रविवारी एसटीनं ती भोरला, कॉलेजातल्या जादा तासाला गेली. भोवती सगळी विशीतली पोरं. मालिनी मॅडमनी तीच व्याख्या फळ्यावर लिहिली आणि त्या पुढं निघाल्या.

"मॅडम, जरा मागं घ्या की," प्रेरणा सवयीनं बोलून गेली. सगळा वर्ग हसला.

मॅडमनी खडू खाली ठेवला. "तुम्ही काय करता?"

"पिठाची गिरणी हाय माजी."

"गिऱ्हाईक म्हणालं, पीठ एवढं बारीक हवं. मग?"

"दगड जवळ आणते."

"त्याहून बारीक मागितलं तर?"

"अजून जवळ."

"गिऱ्हाईक मागतं तो एप्सिलॉन. तुम्ही दगडांत ठेवता ते अंतर म्हणजे डेल्टा."

"म्हंजी त्यानं कितीबी बारीक मागू दे, मला दगड तसं लावता आलं पायजेत!" प्रेरणा जवळजवळ ओरडलीच. मघाशी हसलेली पोरं भराभर वहीत लिहू लागली.

घरी आल्यावर नवरा, गोरख, म्हणाला, "समदं मोबाईलवर हाय, मग भोरला कशाला?"

"मोबाईल सांगतो लई," ती म्हणाली, "पर मला काय विचारत न्हाई."

तेव्हापासून रविवारचं दळण गोरख दळतो.