मेटसाहेबाचा स्लॅब

तो आधी भिंतीवर आख्खा पंजा टेकवायचा. मग त्यातलं एक बोट जिभेला लावायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा, "पाणी नाही वहिनी. घाम होय हा. खारट लागून रायला."

भिंत चाटून रोग सांगणारा वैद्य तुम्ही कधी पाहिला आहे का? मी पाहिला आहे. आमच्या शेजारीच राहत होता. भिलाईत रशियनांच्या मदतीने पोलादाच्या कारखान्याच्या भट्ट्या आणि क्वार्टरांच्या रांगा एकदमच उभ्या राहत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या रांगेत चार घरं आणि चौघांच्या डोक्यावर सलग एकच छत. पहिलं घर त्याचं, दुसरं आमचं. मी त्याला 'तो'च म्हणणार. समोर असताना 'भाऊजी, भाऊजी' करत होते, तेवढा मान त्याला पुष्कळ झाला.

रांगेत सगळे त्याला मेटसाहेब म्हणत. कारखान्यात कायम होण्याआधी तो एका ठेकेदाराकडे मेट होता, म्हणजे मजुरांच्या टोळीचा म्होरक्या. आमच्या रांगेचा स्लॅब त्याच्याच टोळीने ओतलेला, आणि पुढे घरही त्याला त्याच रांगेत मिळालं. झालं! त्या दिवसापासून ते छत कारखान्याचं राहिलं नाही, त्याच्या बापजाद्यांचं झालं. येणाऱ्याजाणाऱ्याला अंगणात उभं करून तो वर बोट दाखवायचा. "म्या ओतला हा. रशियन साहेब सोता आला होता. असा बूट आपटला स्लॅबवर, अन् म्हणे, खराशो!"

खराशो म्हणजे छान. रशियन भाषेतला हा एकच शब्द त्याला येत होता आणि तो त्याने पार झिजवून टाकला होता. मोठमोठ्या भट्ट्या सोडून रशियन साहेब आमच्या दोन खोल्यांच्या टपरीवर बूट आपटायला कशाला मरायला येईल, हे कोणी विचारत नसे. मी एकदा विचारलं. तर म्हणतो कसा, "बाईमाणसाले कांक्रीटातलं काय समजते?"

नाही समजत बाबा. पण ओलं आणि कोरडं तर समजतं ना!

आमच्या मागच्या खोलीची भिंत पहिल्याच पावसाळ्यात ओली झाली. आधी कोपऱ्यात काळपट डाग, मग चुन्याचे पोपडे, मग बुरशी. ट्रंकेतल्या वाकळांना कुबट वास सुटला, तांदळाचं पोतं बुडाशी भिजून खालचा तांदूळ पिवळा पडला. मी खाट भिंतीपासून ओढून घेतली, पोती विटांवर चढवली, शेगडी पेटवून भिंतीशी ठेवली. शेगडीच्या धुराने भिंत काही वाळली नाही, माझ्या सासूबाईंना मात्र खोकल्याची उबळ आली. शेगडी उचलून बाहेर नेली.

सासूबाईंना दमा होता, आणि त्या याच खोलीत निजत. आम्ही तुमसरकडचे. सासरे गेल्यावर त्या गावी थोरल्या दिरांकडे होत्या. थोरल्या जाऊबाईंचा स्वभाव असा, की म्हातारीने पाण्याचा गडवा उचलला तरी कपाळाला आठी. आमच्या यांना कारखान्यात, कोक ओव्हनमध्ये नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, तसं यांनी पहिलं काम काय केलं तर आईला आणलं. इथे म्हातारी खुलली होती. माझ्यासोबत सुपेल्याच्या बाजारात यायची, छत्तीसगढी बायांशी हातवारे करून भाजीचा भाव पाडायची. पण त्या पावसाळ्यानंतर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की यांना कोरड्या खोलीत ठेवा, नाहीतर दुसरीकडे पाठवा. ओलीत यांचा दमा आवरणार नाही.

दुसरीकडे म्हणजे गावी. आईंनी माझा हात धरला. "मले तिकडं नोको धाडू व माय. तिकडं माहं कोन आहे?"

मी म्हटलं, "आई, कोणी नाही धाडत तुम्हाला. भिंतच कोरडी करू."

काय अवघड होतं त्यात? हे मेंटेनन्सच्या ऑफिसात जाऊन सांगून आले. आठवड्याने मिस्त्री आणि त्याचा माणूस शिडी घेऊन आले. मी पदर खोचून दारात उभी, तर ते दोघे आमच्या दारापर्यंत पोचलेच नाहीत. मेटसाहेबाने त्यांना वाटेतच गाठलं, आपल्या ओसरीवर बसवलं, चहा पाजला. मला सगळं ऐकू येत होतं. "काई नाही जी, घाम होय. मायाच हातचा स्लॅब हाय, पाह्याचं कामच नाही." मिस्त्रीला काय, चहा मिळाला आणि शिडी चढायची वाचली. गेले दोघे. पुन्हा सांगितलं, पुन्हा आले, पुन्हा चहा. लाज नावाची चीज नव्हती त्या माणसाला.

मी भांडले. "भाऊजी, आमच्या आईंना श्वास घेता येत नाही. वर माणूस चढू द्या."

"तुमी कावून घाबरून रायल्या वहिनी? छत तापते, म्हणून भिंतीले घाम येते. अवंदा पावसाआधी मी त्याचा इलाजच करतो. आपुन आहो नं!"

आपुन आहो नं! हे तोंडात असणाऱ्या माणसापासून चार हात दूर राहावं, हे मी तेव्हा शिकले.

आता त्याचा इलाज ऐका. तो अकोल्याकडचा. तिकडे धाब्याची घरं, म्हणजे सपाट मातीचं छत, आणि त्यावर दरवर्षी पावसाआधी पांढरी माती पसरायची. ती माती म्हणे ओली झाली की घट्ट बसते, पाणी खाली येऊ देत नाही. त्यांच्या गावी खरंही असेल. आम्ही कवेलूच्या, म्हणजे उतरत्या कौलांच्या घरातले, आम्हाला त्यातलं काही ठाऊक नाही. पण धाब्याचं औषध सिमेंटच्या छताला! आणि ती पांढरी माती इकडे मिळते कुठे? मग याने काय आणावं? छुई! छत्तीसगढी बाया भिंती पोतायला, म्हणजे सारवायला वापरतात ती पांढरी माती. सुपेल्यात बाई टोपली घेऊन बसली होती, तिची सगळी टोपली याने उचलली, आणखी पोती सांगितली. छतावर टाकायची आहे हे ऐकून ती बाई पदराआड हसली. "ये तो भिथिया पोते के माटी हे गा! छानी ऊपर कोन डारथे?" भिंतीची माती छतावर कोण टाकतं, असं ती विचारत होती. मी बाजूलाच उभी होते. याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही रशियन साहेबाचं सर्टिफिकेट नसताना हिने तोंड उघडलंच कसं!

चारही घरांच्या डोक्यावर त्याने छुई पसरली. उन्हात घाम गाळत, धोतर खोचून, पाट्यांमागून पाट्या. कष्टाला कमी नव्हता, हे कबूल करते. त्याचे हात सिमेंटने खाल्लेले, नखं उरली नव्हती. आयुष्यात त्याने स्वतः उभी केलेली एवढीच एक वस्तू होती, असं आमचे हे म्हणत. असेल. म्हणून काय दुसऱ्याच्या म्हातारीने ओलीत निजायचं?

पाऊस लागला आणि दोन-चार दिवसांत छुईचा चिखल वाहून कोपऱ्यात गेला. छताचं पाणी खाली सोडणारी पन्हळ होती, ती बुजली. छतावर तळं साचलं. आधी नुसती मागची भिंत ओली होती, आता पुढच्या खोलीतही टपटप सुरू झालं. आईंची खाट मी पुढे आणली होती, ती आता ठेवायची कुठे? एका बाजूला सरकवली तर पायाशी थेंब, दुसऱ्या बाजूला सरकवली तर उशाशी. म्हातारी उकिडवी बसून धापा टाकत होती. माझं डोकं फिरलं. हे ड्यूटीवर होते. मी डोक्यावर पोतं घेतलं आणि तरातरा पहिल्या घरात शिरले.

तो घरी नव्हता. त्याची बायको दोन्ही हात पसरून आतल्या दारात उभी राहिली. गरीब बाई, कधी कोणाशी बोलायची नाही. "आत नोका येऊ वहिनी. पसारा हाय."

मी तिला बाजूला सारलं.

माय गो! आतल्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गंज, बगुणे, परात, बादली, घमेलं, जमिनीभर नुसती भांडी मांडलेली. वरून धार. आमच्याहून जास्त गळत होतं. आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाशी जुन्या लुगड्याची घडी घातलेली होती. मला आधी कळेना, ही चिंधी कशाला? मग कळलं. थेंब पडल्याचा आवाज भिंतीपलीकडे आम्हाला जाऊ नये म्हणून.

त्याची बायको रडायला लागली. "मांगच्या बरसातीपासून असंच हाय. कोनाले सांगू नोका. त्यायचं नाव जाईन."

म्हणजे त्याला माहीत होतं! गेल्या वर्षी आमची भिंत चाटून 'घाम, घाम' म्हणत होता तेव्हाही माहीत होतं. उंटावरचा शहाणा असता तर मी माफ केलं असतं. मूर्ख माणसाचा राग येतो आणि जातो. पण हा मूर्ख नव्हता. हा आपल्या बायकोला रात्रंदिवस चिंध्या पिळायला लावून, बाहेर येऊन मिशीवर ताव देणारा होता. त्या दिवसापासून मला त्याची किळस आली.

हे ड्यूटीवरून आले तसे भिजत वर चढले आणि सळईने पन्हळ मोकळी करायला लागले. तेवढ्यात तो आला. खालून ओरडतो काय, "माया स्लॅबवर जोडे घालून नोका चढू!"

सगळी रांग दारात उभी होती. मी म्हटलं, "भाऊजी, आधी तुमच्या घरातले गंज उचला. भरून वाहत असतील."

त्याचा हात मिशीकडे गेला. मग म्हणतो, "ते… पोरायच्या आंघोळीचं पाणी होय." पडला तरी नाक वर! चौथ्या घरातला मद्रासी, ज्याला मराठी येत नव्हती, तोसुद्धा हसला.

हसून काय उपयोग? मुरलेलं पाणी पावसाळाभर झिरपतच राहणार होतं. तीन दिवसांनी आम्ही आईंना दुर्गच्या स्टेशनवरून गाडीत बसवलं. हे सोबत गेले. आई खिडकीशी बसल्या, मला म्हणाल्या, "बरसात सरली का मले न्यायले येजो, बरं?" मी म्हटलं, "दसऱ्याला आणते आई." त्यांनी मान हलवली. गाडी हलली तरी त्या मान हलवतच होत्या.

ऑफिसात यावेळी मीच गेले. मिस्त्रीला सांगितलं, चहा माझ्या घरी प्यायचा, तोही खाली उतरल्यावर. पाऊस उघडल्यावर त्यांनी सगळी छुई खरवडून काढली, भेगा बुजवल्या, वरून डांबर ओतलं. मेटसाहेब त्या दिवशी ओसरीवरही आला नाही.

दसऱ्याला आठवडा होता. मी मागच्या खोलीला नवा चुना दिला होता. गावाहून चुलत दीर आला आणि दारातच टोपी काढून उभा राहिला. यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. थोरल्या जाऊबाईंनी आईंची खाट गोठ्याशेजारच्या पडवीत टाकली होती. तिथेच गेल्या. शेवटच्या दिवशी विचारत होत्या म्हणे, भिलाईत ऊन पडलं का?

पुढे त्याची बदली राजहऱ्याच्या खाणीवर झाली. मागून घेतली असं लोक म्हणत. सामान ट्रकवर चढलं, बायकापोरं बसली, आणि तो आमच्या दारात आला. अंगावर धुतलेला सदरा होता. जोडे त्याने उंबऱ्याबाहेर काढून ठेवले.

"वहिनी," तो म्हणाला, "गयत होतं."

"गळत होतं, माहीत आहे," मी म्हटलं.

आमच्याकडे वैरी दारात आला तरी त्याला आधी पाणी देतात. हे उठले, माठाकडे गेले, गडवा भरला. मी यांच्या हातून तो घेतला आणि माठावर परत ठेवला. त्याने ते पाहिलं. चौकटीला हात जोडले आणि गेला. वाईट वाटलं का? नाही वाटलं. आजही तो आला तर मी उठणार नाही.

ट्रक वळून दिसेनासा झाला. मी आत आले. मागच्या खोलीत ऊन पार खाटेपर्यंत आलं होतं. जमीन कोरडी, भिंत पांढरीशुभ्र, कुठे वासाचं नाव नाही. म्हातारीला निजायला आता कशी छान झाली होती ती खोली.